पिकण्याची मुदत

"भेंडीला आणि फणसाला एकच मुदत का द्यायची?" असं कुलगुरूंनी एका भाषणात विचारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतून सह्यगिरी विद्यापीठात 'पक्वकाल' नावाचं यंत्र आलं.

प्रश्न तसा रास्त होता. नव्या सहायक प्राध्यापकाला तोवर सरसकट चार वर्षं मिळत. चार वर्षांत काही करून दाखवा आणि कायम व्हा, नाहीतर चालते व्हा. ज्यांचे विषय झटपट उगवणारे, ते तरत. जे झाडं, डोंगर, म्हातारपण असल्या संथ गोष्टींचा अभ्यास करत, ते पाचव्या वर्षी कुठल्यातरी शिकवणीवर्गात दिसत. आता प्रत्येकाची मुदत वेगळी ठरणार होती. ती माणसं ठरवणार नव्हती, म्हणजे वशिला नाही, जात नाही, लांगूलचालन नाही. निदान पत्रकात तरी तसं म्हटलं होतं.

डॉ. शर्वरी भोईटेला तिची मुदत एका बंद खोलीत सांगण्यात आली. पडद्यावर एकच आकडा होता. अकरा वर्षं, रुजू झाल्या दिवसापासून. आकडा कुणाला सांगणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं आणि मग दार उघडलं.

बाहेर आल्यावर तिला आधी आनंद झाला. रुजू होऊन तीनच वर्षं झाली होती, म्हणजे आणखी आठ वर्षं डोक्यावर टांगती तलवार नाही. जिना उतरता उतरता मात्र मनात पाल चुकचुकली. अकरा का? तिचं काम तर जवळजवळ झालेलं होतं.

काम होतं दगडफुलावर. गोडा मसाल्यात घालतात तेच दगडफूल, झाडाच्या सालीवर आणि कातळावर उगवणारं. उन्हाळ्यात ते वाळून कुरकुरीत होतं, बोटांनी चुरलं तर भुगा होईल इतकं. मेलंच म्हणून सोडून द्यावं, तर पाण्याचे चार थेंब पडताच ते पुन्हा श्वास घेऊ लागतं. वाळताना त्याच्या पेशींत काही साखरा काचेसारख्या घट्ट होतात आणि आतला जीव जिथल्या तिथं धरून ठेवतात, हे जुन्या लोकांनी शोधलं होतं. शर्वरीने त्या साखरांचं नेमकं मिश्रण वेगळं काढलं आणि त्यात लस वाळवून पाहिली. भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली ती लस शीतपेटीशिवाय टिकली. फळ असं हातात होतं, आणि यंत्र म्हणत होतं की अजून मोहरही यायचाय.

"अकरा?" नवरा फोनवर म्हणाला. हृषीकेश पुण्यात एका रोबो बनवणाऱ्या कारखान्यात होता. शर्वरी कायम झाली की त्याने नोकरी सोडून इकडे साताऱ्याला यायचं, मग मुलाबाळांचा विचार करायचा, असं लग्नातच ठरलं होतं. "शर्वरी, कुठंतरी पाणी मुरतंय. एवढी वर्षं फुकट कोण देतं?"

"माझा विषय संथ आहे. दगडफूल वर्षाला नखाएवढंसुद्धा वाढत नाही."

"दगडफूल वाढत नाही, पण तू तर वाढतेस ना? तुला तिथं अडकवून ठेवण्यात कुणाचा फायदा आहे ते बघ. तुझ्या सरांनी तर काही..."

"सरांचं नाव घेऊ नकोस," ती तोडून म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण तो म्हणाला ते तिच्या मनातही येऊन गेलं होतं.

डॉ. अनंत खानविलकर, वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख, हा संशय घ्यावा असा माणूसच नव्हता. शर्वरीला या नोकरीचा अर्ज करायला त्यांनीच लावलं होतं. तिला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून महिनाभर पेज यायची. अठ्ठावन्न वर्षांचे सर अजूनही विद्यार्थ्यांच्या पुढे डोंगर चढत आणि वर पोहोचल्यावर सगळ्यांना श्रीखंडाच्या गोळ्या वाटत.

"यंत्राला दगडफूल कळलं म्हणायचं!" शर्वरीने आकडा सांगितला नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावरून ओळखून ते हसले. "लांब मुदत मिळाली ना? चांगलं झालं. घाई करू नकोस. बरं, लशीचा निबंध तयार झालाय?"

"झालाय, सर."

"पाठवून टाकू. नावांचा क्रम नेहमीसारखा."

नेहमीसारखा म्हणजे पहिलं नाव सरांचं, दुसरं तिचं. विभागातून जाणाऱ्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव प्रमुखांचं, ही रीत होती. एकदा नवेपणी तिने बिचकत विचारलं होतं, तेव्हा सरांनी न रागावता, हसून समजावलं होतं. "यंत्रं माझ्या नावावर आलीत गं. अनुदान माझ्या नावावर. उद्या काही बिघडलं तर उत्तर मीच द्यायचं. आमचे गुरुजी प्रमुख होते तेव्हापासून असंच चालत आलंय." मग तिलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. घराच्या दारावर थोरल्याचंच नाव असतं, तसं.

महिन्याभरात विद्यापीठाची कळा बदलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा जो तो आपली मुदत झाकून फिरू लागला. कॅन्टीनमध्ये पूर्वी एका टेबलावर आठ-आठ जण बसत, ते आता दोघा-दोघांत बसून तिसऱ्याकडे बघू लागले. कुणी नवी गाडी घेतली की त्याची मुदत लांब असणार, असा तर्क. कुणी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत दिसला की बिचाऱ्याला कमी मिळाली असणार. तरी काही गोष्टी फुटल्याच. रसायनशास्त्रात म्हणे सगळ्यांना आखूड मुदत मिळाली, त्यामुळे ते लोक छाती काढून चालत होते. भौतिकशास्त्रातल्या एका हुशार मुलीला विसाच्या वर वर्षं मिळाली. 'यंत्राने मला मंद ठरवलं' असं म्हणून ती राजीनामा देऊन निघून गेली.

शर्वरीच्या विभागात सर आणि ती सोडून एकच जण होता, रेहान मुजावर; बाकीच्या जागा रिकाम्याच होत्या. मिरजेचा, बोलका, तिला ताई म्हणणारा. दगडफुलात राहणाऱ्या जिवाणूंवर तो काम करायचा, आणि जिवाणू तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. रुजू होऊन त्याला वर्षच झालं होतं. गेले काही दिवस तो तिला टाळत होता आणि तीही त्याला.

शेवटी एका सकाळी नमुने आणायला दोघांना पठारावर एकत्र जावं लागलं. कातळाला टेकून डबे उघडले, तेव्हा रेहानला राहवलं नाही.

"ताई, लिहून दिलंय ते गेलं खड्ड्यात. मला नऊ मिळालीत. तुम्हाला?"

"अकरा."

रेहानचा घास हातातच राहिला. त्याला दोन वर्षं कमी मिळाली याचं वाईट वाटावं की बरं, हे त्याला ठरवता येईना. शर्वरीला मात्र सरळ हेवा वाटला. याचं काम आपल्याआधी पिकणार?

"माझा विषय संथ आहे म्हणून अकरा, ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुला नऊ कशाला? तुझे जिवाणू तर डबा खाऊन होईस्तोवर दुप्पट होतील."

"तेच म्हणतोय मी! चार महिन्यांत पहिला निबंध तयार झालाय माझा."

"त्यात माझं नाव घाल हं," ती सहज म्हणाली. "नमुने माझे आहेत."

"घातलंय की. सरांचं पहिलं, तुमचं दुसरं, माझं तिसरं." रेहान चटणी पुसत म्हणाला. मग थांबला. "ताई, तुम्ही तीन वर्षांपूर्वी लागलात. अकरातून तीन गेली, उरली आठ. माझ्या नवातून एक गेलं..."

"आठ," शर्वरी म्हणाली.

संथ दगडफूल आणि धावते जिवाणू, दोन्ही एकाच वर्षी पिकणार होते. आठ वर्षांनी असं काय होणार आहे? आणि उत्तर तिला आधीच ठाऊक होतं, फक्त ते मनात आणायची तिची हिंमत होत नव्हती. सात वर्षांनी सर निवृत्त होणार होते.

यंत्राचं काम कसं चालतं हे विद्यापीठाने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तीस वर्षांत इथं काम केलेल्या प्रत्येकाची टिपणं, उपकरणांच्या नोंदी, फसलेले प्रयोग, कच्चे मसुदे, सेवेची माहिती, सगळं त्याला दिलेलं होतं. जोडीला प्रत्येकाच्या कामाला फळ कधी धरलं तेही. फळ म्हणजे पहिला मोठा शोध, स्वतःच्या पहिल्या नावावर. यंत्र त्या जुन्या माणसांत आणि नव्यांत साम्य शोधतं आणि सांगतं, की अशा माणसाला इतका वेळ लागतो. का लागतो, ते त्याला कळत नाही. दहा म्हाताऱ्या माणसांना काठी घेतलेलं पाहिलं तर काठीमुळे म्हातारपण येतं असंही ते मानेल. त्याला साम्याशी मतलब.

आणि या विद्यापीठात तीस वर्षं एक साम्य अगदी पक्कं होतं. प्रमुख असेपर्यंत कुणाच्याही कामावर पहिलं नाव प्रमुखांचं. प्रमुख निवृत्त झाले की पुढच्याच वर्षी खालच्यांची फळं एकदम पिकल्यासारखी दिसायची. यंत्राने दगडफूल मोजलंच नव्हतं, जिवाणूही नाही. त्याने खानविलकर सरांची उरलेली नोकरी मोजली होती.

"रसायनवाल्यांचे प्रमुख यंदा निवृत्त होतायत," रेहान हळूच म्हणाला. "आणि भौतिकचे तर अजून पंचेचाळीसचेही नाहीत."

"हा तर्क आहे, रेहान. पुरावा नाही." शर्वरी डबा बंद करत म्हणाली. खरं तर तिला पुरावा नकोच होता. आपण चुकलो असू तर किती बरं होईल, असंच तिला वाटत होतं. त्या दिवसापासून मात्र सरांनी 'जेवलीस का' म्हटलं तरी ती त्या शब्दांच्या मागे काय आहे ते शोधू लागली. एवढ्या चांगल्या माणसाकडे असं बघावं लागावं, याचा तिला फार त्रास झाला.

पुरावा चालत आला, तोही पेढे घेऊन. प्राध्यापकांचं निवृत्तीचं वय पासष्टवरून सदुसष्ट करण्याचा सरकारी आदेश निघाला. यंत्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांची मोजणी पुन्हा करायचं आणि आकडा बदलला तरच निरोप पाठवायचं. आदेश निघाला त्या संध्याकाळी शर्वरी रेहानला म्हणाली, "आपलं खरं असेल तर पहिल्या तारखेला सगळ्यांची दोन-दोन वर्षं वाढतील. आपण दोघांनी या महिन्यात वेगळं काहीच करायचं नाही. नवा प्रयोग नाही, नवा मसुदा नाही."

पहिल्या तारखेला सर तिच्या खोलीत आले. हातात सातारी कंदी पेढ्यांचा पुडा होता. "घे. आणखी दोन वर्षं तुम्हाला छळणार मी!"

तिने पेढा तोंडात टाकला आणि टेबलावरचा फोन थरथरला. तेरा वर्षं. व्हरांड्यातून रेहान दारात येऊन उभा राहिला आणि त्याने होकारार्थी मान हलवली. पलीकडे रसायनशास्त्राच्या जिन्यावर छाती काढून चालणारी मंडळी आपापले फोन बघत उभी होती.

"काय झालं गं? चेहरा का उतरला?"

"काही नाही सर," ती म्हणाली. फोन तिने पालथा ठेवला.

रात्री फोनवर तिने हृषीकेशला नवा आकडा सांगितला. "मग आता मी येण्यात अर्थ नाही, नाही का?" तो एवढंच म्हणाला. भांडला असता तर तिला परवडलं असतं.

पुढच्या आठवड्यात विद्या परिषदेची बैठक होती. 'पक्वकाल' इतर विद्यापीठांनाही द्यावं असा ठराव होता, आणि अनुभव सांगायला कुलगुरूंनी शर्वरीला बोलावलं होतं. संथ विषय, लांब मुदत, जाहिरातीला यापेक्षा चांगलं काय? तिचं नाव खानविलकर सरांनीच सुचवलं होतं.

आदल्या दिवशी ती सरांकडे गेली. पाठीमागून बोलणं तिला जमलं नसतं. तिने सगळं सांगितलं. सर खुर्चीत ऐकत राहिले, पण त्यांचा चेहरा हळूहळू परका होत गेला.

"म्हणजे मी तुझं काम चोरलं?"

"तसं नाही म्हणत मी, सर."

"मग काय म्हणतेस? मी मरायची वाट बघतायत तुम्ही सगळे, असं यंत्र सांगतं?"

"निवृत्त व्हायची," ती म्हणाली, आणि हे किती वाईट ऐकू येतं ते बोलून गेल्यावर कळलं. मग तिला एक प्रश्न सुचला. आधी तो विचारायचा असं ठरलेलं नव्हतं. "सर, तुमचा पहिला मोठा निबंध कधी आला? तुमच्या एकट्याच्या नावावर?"

"बेचाळिसाव्या वर्षी. उशिराच. मी मुळात..." ते थांबले. "गुरुजी त्याच्या आदल्या मार्चमध्ये निवृत्त झाले होते."

खोलीत पंखा फिरत होता. सर भिंतीवरच्या गुरुजींच्या तसबिरीकडे बघत राहिले. "मी समजत होतो, मी उशिरा पिकणारा माणूस आहे," ते म्हणाले. "आयुष्यभर तेच समजत आलो गं." शर्वरीला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली नाही.

सरांनी अजून पाठवायचा राहिलेला लशीचा मसुदा उघडला, स्वतःचं नाव काढलं आणि तिच्यासमोर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र ते बैठकीला आले नाहीत.

शर्वरीने परिषदेत सगळं मांडलं. दोन वर्षं कशी वाढली तेही सांगितलं. सभागृहात पहिल्यांदाच लोकांनी आपापले आकडे मोठ्याने सांगितले, आणि प्रत्येक आकडा कुणा ना कुणा प्रमुखाच्या निवृत्तीशी जाऊन भिडला. बराच गोंधळ झाला. कुलगुरू शांत होते.

"म्हणजे यंत्र चुकलं नाही तर," ते म्हणाले. "ते खरंच सांगत होतं. आपण चुकीचं समजलो." आणि अशा वेळी विद्यापीठात जे होतं तेच झालं, एक समिती नेमली गेली. समितीचा अहवाल येईपर्यंत यंत्र चालू राहणार होतं.

खानविलकर सरांनी त्या उन्हाळ्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाले. जाताना शर्वरीच्या टेबलावर श्रीखंडाच्या गोळ्यांचं पाकीट ठेवून गेले. पुढच्या पहिल्या तारखेला तिच्या आणि रेहानच्या, दोघांच्याही मुदतीतलं एकच वर्ष उरलं. त्यांच्या जिवाणूंनी किंवा दगडफुलाने त्यासाठी काहीही केलेलं नव्हतं. लशीचा निबंध तिच्या नावावर छापून आला, ती कायम झाली. हृषीकेशला साताऱ्यात काम मिळालं आणि तो सामान घेऊन आला. दिवस बरे होते.

पावसाळ्यानंतर विभागात ज्येष्ठ म्हणून प्रमुखपदाचा आदेश शर्वरीच्याच नावे निघाला. वय छत्तीस. आई खूष, सासू खूष. ती सरांच्या खोलीत बसू लागली, तसबीर मात्र तशीच ठेवली.

महिन्याच्या पहिल्या तारखेला रेहान दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"येऊ का, मॅडम?"

"मॅडम कधीपासून झाले मी?"

त्याने फोन तिच्यासमोर ठेवला. चौतीस वर्षं, रुजू झाल्या दिवसापासून.

शर्वरीने हिशोब केला नाही. गरजच नव्हती. ती सदुसष्टची होईल, त्याच्या पुढचं वर्ष.

"मी तेव्हा बासष्ट वर्षांचा असेन," रेहान म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण तिच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने ओळखलं. पेढे देणाऱ्या सरांकडे तिनेही तसंच बघितलं होतं.

"रेहान, मी सर नाही. यंत्राला काय कळतं? मी तसं कधीच..."

तिची नजर टेबलावर गेली. रेहानचा जिवाणूंचा निबंध तिथंच होता. सरांचं नाव निघाल्यावर त्याने तो नव्याने लिहून आठवड्यापूर्वी दिला होता. तिने मन लावून तपासला होता. आलेख बदलायला लावले होते, शुद्धलेखनसुद्धा सुधारलं होतं. पहिलं नाव शर्वरी भोईटे, दुसरं रेहान मुजावर. नावांच्या त्या ओळीवर मात्र तिच्या पेनाची एकही खूण नव्हती.

"नमुने माझे होते रे," तिच्या तोंडून निघून गेलं. आणि तो आवाज कुणाचा होता हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. ती घाबरली.

तिने पेन घेतलं आणि आपलं नाव खोडलं, कागदावरही आणि संगणकावरही. रेहान बघत होता. "पुढच्या पहिल्या तारखेला बदलेल बघ," ती म्हणाली.

पुढची पहिली तारीख आली. दोघं सकाळपासून त्याच खोलीत फोन मध्ये ठेवून बसले. दुपारचे चहा झाले, शिपाई खोल्यांना कुलपं लावायला आला. आकडा बदलला तरच यंत्र निरोप पाठवायचं, आणि निरोप आला नाही.

"एका निबंधानं नाही हलायचं ते," रेहान फोन उचलत म्हणाला. "तीस वर्षांचं शिकलंय."

"मग काय करायचं? किती वेळ लागेल त्याला पटायला?"

"ते मला कसं ठाऊक असणार, ताई?" फार दिवसांनी तो ताई म्हणाला होता. "माझी मुदत आता तुम्ही ठरवायची."